सतरा मिनिटांचा मुक्काम

"सहा दिवस! फक्त सहा दिवस द्या मला. देश ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडून, घरच्या माणसांसकट परत आणून दाखवतो!" असं म्हणून मिनिटरावांनी जेवणाच्या टेबलावर अशी मूठ आपटली की पेल्यातलं पाणी त्यांच्याच पायजम्यावर सांडलं.

मिनिटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण बावीस वर्षं बस आगारात वेळापत्रकं करणाऱ्या माणसाचं खरं नाव कोण लक्षात ठेवतो? कुठली बस किती वाजून किती मिनिटांनी सुटायची, कुठे किती थांबायचं, चालकाने चहा किती वेळात संपवायचा, सगळं हेच ठरवायचे. घरातही तोच कारभार. दाढीला सहा मिनिटं, आंघोळीला नऊ, बायकोशी वाद घालायला अकरा. आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवलेली बरी. अख्ख्या खात्याच्या बसगाड्या कागदावर पळवणाऱ्या ह्या गृहस्थांनी स्वतःची गाडी चालवली होती ती घर ते आगार आणि आगार ते घर. साडेचार किलोमीटर.

आणि ह्या वेळी अंतर होतं चौदाशे!

कारण होतं आईचं. आईची थोरली बहीण, म्हणजे ह्यांची मावशी, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची. नऊ वर्षांत दोघी बहिणींची गाठ पडली नव्हती. विमानात बसायला आई तयार नव्हती. रेल्वेने जायचं तर तीनदा गाडी बदला, आणि तिच्या गुडघ्यांना तर एक जिनासुद्धा भारी. फोन रोज व्हायचा. पण दोघींनाही ऐकू कमी, त्यामुळे दोघी एकाच वेळी दहा मिनिटं ओरडायच्या आणि समाधानाने फोन ठेवायच्या.

"एकदा अक्काला डोळ्यांनी बघायचंय रे," आई एक दिवस हसत हसत म्हणाली. "पुढच्या वर्षी तिचे डोळे राहतात की माझे, कुणी सांगावं!"

ती हसली खरी, पण मिनिटरावांना हसू आलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रजेचा अर्ज टाकला.

आता रजा म्हणजे काय हे सांगायला हवं. आगारात दोन शिक्के होते, एक 'मान्य' आणि एक 'अमान्य'. 'मान्य'चा शिक्का कुणाला लागतच नसल्यामुळे कित्येक वर्षं मिनिटरावांच्या खणात पडून होता. 'अमान्य'चा मात्र आगारप्रमुख जेवतानासुद्धा हाताशी ठेवायचे. अर्ज वाचायच्या आधी त्यावर शिक्का उमटायचा. पण मिनिटरावांनी बावीस वर्षांत एकदाही रजा मागितली नव्हती, हे पाहून आगारप्रमुखांचा हात क्षणभर अडखळला.

"सहा दिवस," ते म्हणाले. "सातवा मागितलात तर हे सहाही गेले!"

झालं! मिनिटरावांनी त्याच रात्री पट्टी-पेन्सिल काढली. दोन दिवस जायला, दोन दिवस यायला, आणि मधले दोन दिवस दोघी बहिणींचे. पूर्ण अठ्ठेचाळीस तास! ते अठ्ठेचाळीस तास त्यांनी लाल शाईने लिहिले आणि आईला दाखवले. आईने कागदावरून नुसता हात फिरवला.

इथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण सवय! खात्याचा नियम असा की कुठलंही नवीन वेळापत्रक तीन दिवस फलकावर लावायचं आणि लोकांच्या हरकती मागवायच्या. मग मिनिटरावांनी आपलं वेळापत्रक फ्रिजवर चुंबकाने लावलं. खाली लिहिलं, 'कच्चा मसुदा. हरकती व सूचना तीन दिवसांच्या आत पेटीत टाकाव्यात.' शेजारी बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला आणि त्याच्या झाकणाला सुरीने फट पाडली.

"अहो, हे काय आणखी?" बायकोने विचारलं.

"नियम आहे."

"आगारात येतात का हो कधी हरकती?"

हे मात्र मिनिटरावांचं दुखरं ठिकाण होतं. बावीस वर्षांत आगारातल्या पेटीतून निघाल्या होत्या तीन गोष्टी. गोळीचा कागद, शर्टाचं बटण आणि गांधीलमाशीचं घर. एक चिठ्ठी नाही! आपलं वेळापत्रक कुणी मनापासून वाचतच नाही, ही खंत त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. त्यांनी विषय बदलला.

त्यांना सोळा वर्षांची मुलगी होती, आणि तिला दिसेल त्या गोष्टीचा फोटो काढायची खोड होती. तिने फ्रिजचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत पहिला फोन वाजला. काकांचा.

"आमच्या दारावरून जाणार आणि आत पाऊल टाकणार नाही? आम्ही काय तुझं घोडं मारलंय?"

"तसं नाही काका, वेळ..."

"वेळ? तुला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलो, तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं?"

पाठोपाठ आत्या. "वाटेत लॉजवर राहणार म्हणे! मी काय मेले?"

मग चुलतभाऊ. हा दातांचा डॉक्टर. "दादा, चौघांचे दात बघून देतो. माणशी फक्त वीस मिनिटं. नाही म्हणू नकोस!"

दुसऱ्या दिवशी डबा गच्च. फोनवरच्या हरकती मुलगी इमानेइतबारे चिठ्ठ्यांवर उतरवून टाकत होती. बायकोचीही एक होती, वाटेत तिची कॉलेजातली मैत्रीण राहायची, तिच्याकडे 'नुसतं पाच मिनिटं टेकायचं.' बायकोची पाच मिनिटं म्हणजे किती, हे मिनिटरावांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी दोन तास दहा मिनिटं धरली. मुलीला एका मोठ्या पुलावर फोटो काढायचा होता. तोही सूर्य मावळतानाच. आधी नाही आणि नंतर नाही!

दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. पण मिनिटराव हरखून गेले! बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडलं होतं. त्यांचं वेळापत्रक लोक वाचत होते! ओळ न् ओळ वाचत होते! प्रत्येक चिठ्ठी ते दोनदा वाचायचे, आगारातल्या खणातून पिशवीत घालून आणलेला शिक्का काढायचे, त्याच्यावर तोंडाची वाफ सोडायचे आणि ठाप! 'मान्य.'

"अहो, एखादी तरी नाकारा," बायको म्हणाली.

"कशी नाकारू? 'अमान्य'चा शिक्का साहेबांकडे असतो."

जाताना काका आणि येताना आत्या असं ठरवलं तर दोघंही रुसले, म्हणून दोघांकडे जाता-येता दोन्हीकडून थांबायचं ठरलं. काकांकडे थांबणार हे कळल्यावर काकूंच्या माहेरचे जागे झाले. असा तिसऱ्या संध्याकाळपर्यंत बेचाळीस चिठ्ठ्यांचा निकाल लागला. मिनिटरावांनी सुवाच्य अक्षरात पक्कं वेळापत्रक तयार केलं, घरच्यांना समोर बसवलं आणि घसा साफ करून वाचायला घेतलं. काका, काकू, काकूंचा भाऊ, आत्या, दात, पूल, मैत्रीण. एकही थांबा सुटला नव्हता, एकही मिनिट वाया गेलं नव्हतं. आवाजात अभिमान मावत नव्हता.

"मावशीकडे आगमन, चार वाजून एक मिनिट. मावशीकडून प्रस्थान, चार वाजून अठरा मिनिटं."

मुलीने फोनवरून मान वर केली.

"सतरा मिनिटं?" बायकोने विचारलं.

"दोनदा तपासलंय मी," मिनिटराव म्हणाले. आणि मग त्यांनी स्वतःच तो आकडा पुन्हा बघितला.

"चौदाशे किलोमीटर जाऊन सतरा मिनिटं, बाबा?" मुलगी म्हणाली. "माझा तर पुलावर दीड तास आहे!"

"पुष्कळ झाली सतरा मिनिटं," आई म्हणाली. "आम्हा म्हाताऱ्यांना बोलायला असं काय असतं? एकमेकींना बघितलं की झालं." आणि जरा पाठ टेकते म्हणून ती आपल्या खोलीत निघून गेली.

रात्री सगळे झोपल्यावर मिनिटराव उठून फ्रिजपाशी गेले. उगाच, हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्यांनी डबा हलवून पाहिला. आत काहीतरी खुळखुळलं. एक नवी चिठ्ठी पडली होती. औषधाच्या पुडीचा कागद होता आणि अक्षर आईचं, थरथरतं.

'चि. बाळास, सतरा मिनिटांत चहा व्हायचा नाही. अक्काचा गॅस फार हळू चालतो. मी थर्मासमध्ये घेऊन येईन. आणि निघताना अक्काला गाडीत बसवून चौकापर्यंत आणलं तर आम्हाला आणखी चार मिनिटं मिळतील. तिथून ती सावकाश चालत घरी जाईल. जमत नसेल तर राहू दे. आई.'

मिनिटरावांनी चिठ्ठी तीनदा वाचली आणि तिथेच, फ्रिजला टेकून, त्यांना रडू आलं. किती मिनिटं, ते त्यांनी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आगारप्रमुखांच्या टेबलासमोर उभे राहिले.

"साहेब, तुमचा शिक्का हवाय. एका संध्याकाळपुरता."

साहेबांनी शिक्का छातीशी धरला. "कशाला?"

"बेचाळीस नातेवाइकांना नाही म्हणायचंय."

साहेब खुर्चीतून उठले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नजरेत मिनिटरावांबद्दल आदर दिसला. "बेचाळीस!" ते पुटपुटले. "घ्या! पण उद्या सकाळी परत पाहिजे."

त्या संध्याकाळी घरात नुसता ठाप-ठाप आवाज घुमत होता. काका, अमान्य! आत्या, अमान्य! दात, अमान्य! बायकोची चिठ्ठी तिच्या देखत अमान्य झाली. त्यावर ती काहीच बोलली नाही, ह्याचीच मिनिटरावांना जास्त भीती वाटली. फक्त आईच्या चिठ्ठीवर त्यांनी दुसरा शिक्का मारला.

निकाल ग्रुपवर गेला आणि बेचाळीस नाकांना एकदम मिरच्या झोंबल्या. "मोठा आला वेळापत्रकवाला!" "आमच्या घरी येऊ नकोस!" (येत नव्हतेच, म्हणून तर रडारड होती.) शेवटी मिनिटरावांनी खात्यातली युक्ती काढली. आडवाटेच्या गावांसाठी बसचा 'विनंती थांबा' असतो. रस्त्याकडेला उभं राहायचं, हात दाखवायचा, गाडी थांबते. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'ज्यांना भेटायचं आहे त्यांनी हमरस्त्यावर यावं. गाडी दोन मिनिटं थांबेल. कुणी उतरणार नाही, कुणी चढणार नाही.'

त्यांना वाटलं, कोण येतंय!

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी निघाली, आणि सगळे आले! काका घडीच्या खुर्च्या घेऊन कुटुंबासह रस्त्याच्या कडेला तासभर आधीच बसले होते. खिडकीतून पाच डबे आत आले. "खाऊन बघ म्हणावं ह्याला, चावायला किती मिनिटं लागतात ते!" काकू ओरडल्या, तोवर गाडी निघालीसुद्धा. आत्या उशी घेऊन उभी होती. "लॉजवरच्या उशा कसल्या असतात मला चांगलं माहिती आहे!" दातांचा डॉक्टर बॅटरी घेऊन आला होता. खिडकीखिडकीतून त्याने चौघांना 'आ' करायला लावलं. गाडी हलली तरी तो शेजारून धावत होता.

"दादा, खालची डावी दाढ! डावी! माझी डावी नाही, तुझी डावी!"

मैत्रिणीच्या दोन मिनिटांत बायको आणि मैत्रीण दोघी नुसत्या रडल्या आणि त्यामुळे खूश झाल्या. पूल आला सकाळी अकराला. मुलीने फोटो काढला आणि फोनवरच बोट फिरवून सूर्य मावळवला. "झालं की!" ती म्हणाली. ह्याच सूर्यासाठी आपण दीड तास मान्य केला होता, हे आठवून मिनिटरावांनी गिअर जरा रागातच बदलला.

साडेचार किलोमीटरवाला माणूस चौदाशे किलोमीटर गाडी हाकत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशीच्या दारात पोचला. वेळेच्या सहा मिनिटं आधी!

मावशी दारातच होती. दोघी बहिणींनी एकमेकींना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"किती वाळलीस गं!"

"आणि तू किती सुटलीस अक्का!"

मग दोघींनी एकमेकींचे हात धरले ते उंबऱ्यातच. बाकीचे तिघे डबे आणि उशी सांभाळत बाहेर ताटकळले. आत जायला वाटच नव्हती.

आता तुम्हाला वाटेल, त्या अठ्ठेचाळीस तासांत दोघी काय काय बोलल्या असतील! मिनिटरावांनाही तसंच वाटलं होतं. पहिल्या सकाळी त्यांचं भांडण झालं. साठ वर्षांपूर्वी वडिलांचा दाढीचा आरसा कुणी फोडला ह्यावरून. दुपारी दोघी घोरत पडल्या. संध्याकाळी खिडकीशी बसून रस्त्यावरची माणसं मोजत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आरसा निघाला.

मिनिटरावांचा जीव वरखाली होत होता. "आई, वेळ चाललाय! काहीतरी बोला ना!"

"हा असा लहानपणापासूनच आहे का गं?" मावशीने विचारलं. "ए, तू बाहेर जाऊन बस बघू जरा."

पाचव्या दिवशी पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी गाडी सुटायची होती. ती त्याच मिनिटाला सुटली. मागच्या सीटवर मुलगी, आई, आणि मान्य झालेल्या सूचनेप्रमाणे चौकापर्यंत मावशी. दोघींच्या मध्ये, मुलीच्या मांडीवर थर्मास. मिनिटरावांनी मुद्दाम गाडी हळू घेतली. चार मिनिटांची त्यांनी सहा केली. बावीस वर्षांत जाणूनबुजून केलेला तो पहिला उशीर.

चौक आला. "मावशी, उतरतेस ना?"

"इथे? किती गाड्या ह्या! पुढच्या चौकापर्यंत चल."

पुढच्या चौकात मावशी म्हणाली, "इथून घरापर्यंत चढ आहे रे."

त्याच्या पुढच्या चौकात एक कुत्रं होतं. "ते माझ्यावर भुंकतं," मावशी म्हणाली. कुत्रं तर झोपलं होतं.

मिनिटराव ऐकत गेले आणि चालवत गेले. भानावर आले तेव्हा बत्तीस किलोमीटर झाले होते. "अगं मावशी, आता तू घरी चालत कशी जाणार?"

"तेच तर म्हणते मी!" मावशी कडाडली. "म्हाताऱ्या बाईला एवढं लांब आणलंस, आणि आता उतर म्हणतोस? शोभतं का तुला?"

मिनिटरावांनी गाडी कडेला घेतली आणि मागची डिकी उघडली. काकांच्या रिकाम्या डब्यांखाली एक बॅग होती. बॅगेत चार साड्या, शाल आणि महिनाभराच्या गोळ्या, सकाळ-दुपार-रात्र अशा वेगवेगळ्या पुड्यांत.

"शेजारणीला किल्ली कालच दिली," मावशी खिडकीतून म्हणाली.

"आई! तुला माहीत होतं?"

आई दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून मन लावून शेतं बघत होती. "आरसा तूच फोडलास हं अक्का," ती एवढंच म्हणाली. बायको पुढच्या सीटवर तोंडाला पदर लावून हसत होती. मिनिटरावांनी डिकी बंद केली. आता नाकारणार कशी? सूचना मान्य करून बसले होते!

सहाव्या दिवशी संध्याकाळी पाचही जण घरी. सातव्या दिवशी सकाळी मिनिटराव आगारात हजर. फाटकातच आगारप्रमुख उभे होते, डोळे खोल गेलेले.

"मिनिटराव! माझा शिक्का!"

मिनिटरावांनी खिशात हात घातला. निघायच्या गडबडीत शिक्का खिशातच राहिला होता. चौदाशे किलोमीटर जाऊन परत आला होता!

"सहा दिवस!" साहेब ओरडले. "सहा दिवस मला कुणाला नाही म्हणता आलं नाही! एकोणीस जण रजेवर आहेत! तो कोपऱ्यातला चालक तर उगाच गेलाय, त्यालाही माहीत नाही कशाला!" त्यांनी शिक्का हिसकावून घेतला आणि पुसून खिशात घातला. "ह्यापुढे हा कुणालाही मिळणार नाही. माझ्या सख्ख्या भावालासुद्धा नाही!"

तर अशी सगळी हकीकत. आता उरला होता एकच प्रश्न, मावशीला परत कधी आणि कसं पोचवायचं? पुढच्या महिन्यात चार सुट्ट्या लागून येत होत्या. मिनिटरावांनी एका संध्याकाळी पट्टी-पेन्सिल काढली, दोन दिवस जायचे, दोन यायचे, चोख वेळापत्रक केलं आणि फ्रिजवर लावलं. हात सवयीने चालला आणि खाली ओळ लिहून गेला, 'हरकती व सूचना तीन दिवसांत.' लिहिल्यावर त्यांनी जीभ चावली, पण नियम तो नियम.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी डबा उघडला. एकच चिठ्ठी होती. औषधाच्या पुडीच्या कागदावर वर थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'हरकत आहे.' आणि खाली, जरा मोठ्या अक्षरात, 'माझीही.'

आतल्या खोलीतून दोघींचा आवाज येत होता. शेजारी शेजारी बसून दोघी फोनवर ओरडावं तशा ओरडत होत्या. विषय आरसाच होता.

मिनिटरावांनी आपली पिशवी उघडली. पिशवीत एकच शिक्का होता. दुसरा साहेबांकडे, आणि साहेब तो सख्ख्या भावालासुद्धा देणार नव्हते. "काय करणार? नाइलाज आहे!" असं ते बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली आणि मारला.

जरा जोरातच मारला.